झाकल्या डब्याचा दस्तूर

भाद्रपदी पौर्णिमेच्या सायंकाळी, गणपती आदल्याच दिवशी पाण्यात गेलेले असतात आणि पितरांचा पंधरवडा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा असतो, अशा त्या मधल्या मोकळ्या तिथीला खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत कोनाडा सारवून, भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देऊन मातीची दोन चित्रे मांडली जात. एक भुलाबाई, दुसरा तिचा भुलोबा, आणि बहुधा भुलाबाईच्या मांडीवर चिमुकला गणोबा. सांगणारे सांगतात की सारीपाटात हरून रुसून गेलेल्या शंकराला परत आणण्यासाठी पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले आणि तो तिला भुलला, म्हणून ती भुलाबाई. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांनी जगन्मातेला भिल्लिणीच्या वेषात पाहावे यात नवल कसले? कैलासापेक्षा सातपुडा त्यांना पुष्कळ जवळ. जळगावकडे भुलाबाई म्हणतात, धुळ्या-नाशिककडे पुष्कळ घरांत तीच गुलाबाई होते आणि तिचा नवरा गुलोजी. आश्विनातल्या कोजागिरीपर्यंत, पुरा एक महिना, या जोडप्याचा मुक्काम.

या मुक्कामाचे पूजाअर्चेचे अंग अगदी बेताचे आहे. हळदकुंकू, चार फुले आणि एक निरांजन एवढ्यावर ते भागते, आणि भटजींना तर त्यात मुळीच काम नाही. खरा कारभार चालतो तो दिवेलागणीनंतर, आणि तो सर्वस्वी आळीतल्या मुलींच्या हाती असतो. सात-आठ वर्षांच्या परकरी पोरीपासून लग्न ठरलेल्या थोरलीपर्यंत दहाबारा जणींचा जथा टिपऱ्या घेऊन एका घरून दुसऱ्या घरी, दुसऱ्याहून तिसऱ्या घरी जातो. जिच्या घरी भुलाबाई बसली आहे तिच्यासमोर गाणी म्हणतो, सासूचे गाऱ्हाणे आणि माहेरचा उमाळा न कळत्या वयात मोठ्या गळ्याने गातो, आणि गाणी सरली की खाली फतकल मारून एका गोष्टीची वाट पाहतो. ती गोष्ट म्हणजे खिरापत. मुलगा असल्यामुळे गाण्यात मला मज्जाव होता. परंतु गल्लीत दिवे तेव्हा लांबलांब आणि मंद असत, म्हणून थोरल्या बहिणीच्या जथ्यापुढे कंदील धरण्याची नोकरी माझ्याकडे होती, आणि त्या नोकरीचा मुशाहिरा प्रत्येक घरी अर्धा वाटा असा ठरलेला होता. या प्रकरणातील पुष्कळसा तपशील त्या कंदिलाच्या उजेडात पाहिलेला आहे.

खिरापत म्हणजे प्रसाद, एवढाच अर्थ कोशात मिळेल. भुलाबाईच्या खिरापतीचे मर्म मात्र तिच्यावरच्या झाकणात आहे. घरची बाई आतून पितळेचा डबा आणते, झाकण घट्ट दाबून तो मुलींच्या कानाशी एकदा, फार तर दोनदा हलवते आणि म्हणते, ‘वळखा.’ ओळखल्यावाचून डबा उघडायचा नाही, असा कायदा. मग चौकशी सुरू होते. गोड का तिखट? तव्यावरचं का कढईतलं? उपासाला चालतं का? अहिराणी बोलणाऱ्या घरी हाच सवाल ‘गोड शे का तिखट?’ असा येई. सराईत मुलींना प्रश्नांची गरज फारशी नसे. फुटाणे खडखडतात, लाह्या नुसत्या सरकतात, खारका डब्याच्या तळाशी टकटक करतात, बत्तासे पहिल्यांदा वाजतात आणि दुसऱ्यांदा हलवले तर त्यांचा चुरा झाल्याचे आवाजावरूनच कळते. केळीचे वेफर जळगावात घरोघर आल्यावर त्यांचा कुरकुरीत, पोकळ आवाज ही नव्या पिढीने शिकलेली नवी बाराखडी होती. माझी बहीण डाळे आणि शेंगदाणे यांतला फरक डोळे मिटून सांगे. पुढे ती शिक्षिका झाली आणि वर्गात शेवटच्या बाकावर कोणाच्या खिशात काय आहे हेही तिला तसेच कळत असे, असे तिचे विद्यार्थी सांगतात.

पण घरधनीणही काही कच्ची नसे. माझी एक मावशी धुळ्याला पांझरेच्या काठच्या एका गल्लीत राहत असे, आणि सहामाहीच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो की गुलाबाईचे अखेरचे दिवस पदरात पडत. तिने एका रात्री डबा हलवला तेव्हा त्यातून स्पष्ट खडखडाट आला. फुटाणे, वाटाणे, गूळशेंगदाणे, साखरफुटाणे, चणे, खोबऱ्याचे तुकडे, मुलींनी सारी वाणसामानाची यादी म्हणून दाखवली. मावशी पदराने तोंड झाकून मान हलवीत राहिली. शेवटी मुली हरल्या आणि झाकण निघाले. आत वाटीभर ऊन शिरा होता, आणि वाटीच्या भोवती डब्यात चार चिंचोके टाकलेले होते. ‘चिंचोके खिरापत होत नाहीत,’ अशी रीतसर तक्रार गल्लीत पुढे आठवडाभर चालली होती आणि तिचा निवाडा माझ्या माहितीप्रमाणे अद्याप झालेला नाही.

हा प्रसंग मी अशासाठी सांगितला की त्याच्या उलट बाजूचा एक रिवाज पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री पाळला जातो, आणि आता चित्रपटांच्या व शाळांच्या वाटेने तो आपल्याकडेही येऊ लागला आहे. हॅलोविनच्या रात्री अमेरिकेतील मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार जातात आणि दार उघडताच ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढतो, हा त्याचा सरळ अर्थ. तिकडे खोडीचा अधिकार मुलांचा. आमच्या गल्लीत खोडी काढण्याचा अधिकार दार उघडणाऱ्या बाईचा होता, आणि खाऊ मिळवायचा तर मुलांनी ती खोडी उलगडून दाखवावी लागे. दोन्हीकडे मुले रात्री परक्या दारी जातात, दोन्हीकडे काहीतरी सादर करतात, दोन्हीकडे हात भरून परततात. तरीही कोण कोणाला कोड्यात टाकतो या एका फरकाने दोन समाजांचे मुलांकडे पाहण्याचे दोन स्वभाव दिसतात, असे मला वाटते.

आपल्याकडे मुलांच्या हाती खोडीची मुखत्यारी मुळीच नव्हती असे मात्र कोणी समजू नये. ती फाल्गुनात मिळे. होळीसाठी गोवऱ्या, लाकडे, प्रसंगी अंगणातली मोडकी बाज आणि पडक्या कुंपणाचे खांब पळवण्याची त्या रात्री जणू सनद असे. ज्याची बाज गेली त्याने सकाळी राखेजवळ येऊन नुसते पाहायचे, फिर्याद द्यायची नाही. वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई घेऊन निघालेल्या सासुरवाशिणी आणि मुली झोक्यांवर गाऊन दमल्या की ‘बार’ खेळत, म्हणजे दोन गल्ल्यांच्या हद्दीवरून एकमेकींना मनसोक्त शिव्या देत; एरवी ज्यांच्या तोंडून मोठा शब्द निघत नसे अशा बायकांचा त्या दिवशीचा शब्दसंग्रह ऐकून पुरुषमंडळी घरात बसणे पसंत करीत. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत आखाजीवर एक स्वतंत्र कविता आहे. ज्या असोद्याच्या बहिणाबाई लेक, ते गाव जळगावपासून जेमतेम दोन कोसांवर.

आणि सोंग घेऊन मागणी घालण्याचा सर्वांत भव्य प्रकार पाहायचा तर सातपुड्यातच जावे लागेल. अक्कलकुवा-अक्राणीकडील आदिवासी गावांत होळीच्या दिवसांत नवस केलेले पुरुष ‘बावा’ आणि ‘बुध्या’ होतात. अंगभर राख आणि पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ, अशा वेषात ते ढोलाच्या तालावर गावोगावच्या होळ्यांना नाचत जातात, ते दिवस कडक व्रतस्थ राहतात आणि गेर, म्हणजे होळीची बिदागी, मागतात. हा मुलूख १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, आणि १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे होण्यापूर्वी तर जळगाव, धुळे, नंदुरबार हे सारे एकाच कलेक्टरच्या हाताखाली होते. अमेरिकेत भोपळा पोखरून त्यात दिवा ठेवतात, सातपुड्यात तो वाळवून कमरेला बांधतात. हा योगायोग आहे, याहून अधिक काही त्यात शोधू नये.

ज्याच्यात अधिक काही शोधता येईल अशी गोष्ट निराळीच आहे. इंग्लंडात जुन्या काळी २ नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, गरीब माणसे आणि मुले दारोदार जाऊन घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि त्या मोबदल्यात ‘सोल-केक’ नावाच्या लहान भाकऱ्या घेत. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मुले वेष पालटून, सलगम पोखरून केलेले कंदील घेऊन फिरत आणि गाणे, नक्कल किंवा कविता म्हणून दाखवल्याखेरीज त्यांना सफरचंद किंवा बदाम-अक्रोड मिळत नसे. म्हणजे पितरांची आठवण काढण्याच्या दिवसांत मुलांना दारे उघडी असत. भुलाबाईचा पहिला पंधरवडा हा तंतोतंत पितृपक्षाचा पंधरवडा आहे. सकाळी आजोबांच्या नावाने कावळ्याला घास ठेवलेला, दुपारी ब्राह्मण-सवाष्ण जेवून गेलेली, आणि रात्री त्याच उंबऱ्यावर दहा मुली डब्याकडे डोळे लावून बसलेल्या. शास्त्र या दोहोंचा संबंध जोडत नाही, आणि मीही तो सिद्ध करायला निघालेलो नाही. परंतु ज्या घराला त्या दिवसांत न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी पान वाढण्याची सवय असते त्याला दिसणाऱ्या पाहुण्यांना परत पाठवणे जड जात असावे.

म्हणूनच ती खिरापत भीक कधी वाटली नाही. ती हक्काची बाब होती. सुताराला, कुंभाराला, परटाला सुगीत जसे बलुते, दिवाळीत नोकराचाकरांना जशी पोस्त, संक्रांतीला मुलांच्या चिमटीत जसा तिळगूळ, तशी आश्विनात आळीच्या पोरींना खिरापत. देणाराने उपकार केला असे मानायचे नाही आणि घेणाराने मिंधे व्हायचे नाही. एखाद्या घरी तंगी असली तर डब्यात चिमूटभर साखर घातलेले डाळे असे, आणि ते ओळखायला मुली इतरांपेक्षा अधिक वेळ लावत. हे त्यांना कोणी शिकवले होते ते मला ठाऊक नाही.

अमेरिकेतल्या रिवाजाचा पुढचा इतिहास मोठा बोधप्रद आहे, कारण तो अगदी अलीकडे, जवळजवळ आपल्या डोळ्यांदेखत घडला. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हा घोष १९२०च्या दशकातील कॅनडाच्या वृत्तपत्रांतून दिसतो. त्याच्या आगेमागे अमेरिकन शहरांत हॅलोविनच्या रात्री तरुणांचे टोळके फाटके उखडणे, दिवे फोडणे, गाड्या उलथवणे असले उद्योग करी, आणि मंदीच्या वर्षांत ते इतके वाढले की गावोगावच्या मंडळांनी मुलांना खाऊ देऊन घरोघर फिरवण्याचा तोडगा काढला. खंडणी देऊन दंगा टाळावा, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून साखरेवर नियंत्रण आले आणि हा खेळ थंडावला. १९४७ साली नियंत्रण उठताच, युद्धावरून परतलेल्यांची नवी उपनगरे आणि त्यांत भरमसाट जन्मलेली मुले यांच्या जोरावर तो देशभर पसरला. १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या काही मुलांनी खाऊबरोबर युनिसेफसाठी नाणीही गोळा केली.

मग भय आले. १९७४ साली टेक्सासमध्ये एका बापाने विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच मुलाला हॅलोविनच्या खाऊतून विष दिले, आणि १९८२ च्या शरदात शिकागो परिसरात औषधाच्या कुप्यांत कोणी सायनाइड मिसळल्याने सात माणसे दगावली. परक्या माणसाने दिलेल्या खाऊने मूल मेल्याचे उदाहरण जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाला वर्षानुवर्षे शोधूनही सापडले नाही. पण अफवेला पुराव्याची गरज नसते. घरी केलेले मक्याच्या लाह्यांचे लाडू, सफरचंदे, बिस्किटे सारी बाद झाली आणि कारखान्यात बंद झालेली पुडीच तेवढी विश्वासाची ठरली. पुढे १९९० नंतर पुष्कळ चर्चच्या पटांगणांत मोटारी ओळीने उभ्या करून त्यांच्या मागच्या डिकीतूनच मुलांना खाऊ वाटण्याची चाल निघाली. दारोदार जाण्यातले दारच नाहीसे झाले.

खानदेशात भयाने एवढे काम केले नाही. येथे ते सोयीने केले. आमच्या गल्लीत घराचा ओटा रस्त्याला लागून होता आणि संध्याकाळी दार लावणे म्हणजे घरात भांडण किंवा आजार असल्याची वर्दी. जळगाव पेठा ओलांडून बाहेर वाढू लागले, कॉलन्या झाल्या, कॉलन्यांना आवारभिंती आणि भिंतींना फाटके आली, पुढे फाटकाच्या जागी रखवालदाराची वही आली. सहामाही परीक्षा पूर्वीही आश्विनातच असे, परंतु तिच्यासाठी संध्याकाळी शिकवणीला जाण्याची पद्धत नव्हती. ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणी आली आणि भुलाबाईची वेळ नेमकी मालिकेची वेळ ठरली. मुली आल्या तर बाई डबा आणी, पण तिचा एक डोळा पडद्यावर असे आणि ‘बरोबर, बरोबर’ म्हणून ती पहिल्याच उत्तराला झाकण काढी. सुरतेचा शेजार जुनाच असला तरी नवरात्रातला गरबा ध्वनिक्षेपकासह मैदानात उतरला तेव्हा मधले नऊ दिवस भुलाबाईच्या हातून सुटले. आणि दुकानातली वेफरची पुडी आली. तिच्यावर आतल्या मालाचे चित्रच छापलेले असते, तेव्हा ओळखायचे काय? माझ्या मते या साऱ्या कारणांत सर्वांत घातक ती पुडी. दार बंद झाले तर ठोठावता येते. पण ज्या खाऊचे नाव बाहेरच लिहिले आहे त्याच्यापुढे टिपऱ्या वाजवून बसण्यात काही अर्थ राहत नाही.

आता भुलाबाई रंगमंचावर दिसते. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानाने भुलाबाई महोत्सव चालवला आहे, शाळाशाळांतून मुलींचे आणि महिलांचे संघ नऊवारी नेसून, नथ घालून येतात, गाणी बसवलेली असतात, परीक्षक असतात, बक्षिसे असतात. या प्रकाराला नाके मुरडणारे लोक मला ठाऊक आहेत आणि काही वर्षे त्यांत मीही होतो. पण एकदा प्रेक्षकांत बसून पाहिले तेव्हा, ज्या गाण्यांचे दुसरे कडवे आमच्या बहिणीलाही आठवत नव्हते ती सहावी-सातवीतल्या मुली अथपासून इतिपर्यंत म्हणत होत्या. सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने खेडोपाडीची स्त्रीगीते गोळा केली, साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले, ते छापील दफ्तर झाले. ही मुलींच्या तोंडची नक्कल त्याहून टिकाऊ ठरण्याचा संभव आहे. एवढे खरे की मंचावर खिरापत शेवटी सर्वांना रांगेने द्रोणात मिळते, आणि ती काय आहे हे स्वयंपाक्यापासून पाहुण्यांपर्यंत सर्वांना आधीच माहीत असते.

परदेशातल्या मराठी मंडळांत ऑक्टोबरच्या एखाद्या शनिवारी भाड्याच्या सभागृहात भुलाबाईच्याच जातीचा भोंडला होतो; पाटावर हत्तीचे चित्र, भोवती फेर, आणि प्रत्येक घराने आणलेली खिरापत. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच मुली चेटकिणीची टोपी घालून शेजाऱ्यांची दारे ठोठावतात. माझी एक भाची न्यू जर्सीत राहते, तिच्या मुलीला या दोहोंत काही विसंगती दिसत नाही. तिच्या हिशेबी ऑक्टोबर हा खाऊचा महिना.

२०२० साली आश्विन अधिक आला, त्यामुळे भुलाबाईचा मुक्काम दोन महिन्यांचा झाला आणि कोजागिरी ३० ऑक्टोबरला पडली. दुसऱ्या दिवशी हॅलोविन, आणि आकाशात तोच पूर्णचंद्र. साथीमुळे दोन्ही गोलार्धांत दारे बंद होती. अमेरिकेत लोकांनी जिन्याच्या कठड्याला प्लॅस्टिकची नळी बांधून तीतून खाऊच्या पुड्या सहा फुटांवर उभ्या मुलांकडे सोडल्या. इकडे माझ्या बहिणीने, जिला डाळे आणि शेंगदाणे यांतला फरक डोळे मिटून कळे आणि जिचे वय आता सत्तरीपुढे गेलेले आहे, घरातल्या घरात मातीची भुलाबाई बसवली होती. कोजागिरीच्या रात्री भाचीच्या मुलीने दूरध्वनीच्या पडद्यावर स्टीलचा डबा कॅमेऱ्याजवळ आणून हलवला आणि तिच्या तऱ्हेच्या मराठीत विचारले, ‘आजी, ओळख!’ बहिणीने डोळे मिटले. डबा हलताना दिसत होता, मुलीचा आवाज स्पष्ट येत होता, पण डब्याचा आवाज काही येईना. मुलीने पुन्हा हलवला, जोराने हलवला. तरीही काही नाही. भाची मागून म्हणाली की या यंत्रात माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतात, बाकीचा खडखडाट कचरा समजून गाळून टाकतात.

‘गोड शे का तिखट?’ बहिणीने विचारले.

मुलीला अहिराणी कळली नाही. तिने झाकण काढून डबा कॅमेऱ्यासमोर तिरपा धरला. आत खारका होत्या.